यकृताच्या प्रगत आजारात रक्तस्रावाचा आणि गुठळीचा धोका कसा जोखावा

सिरोसिस, म्हणजे यकृत व्रणांनी कडक होण्याचा आजार, झालेल्या रुग्णाच्या पोटातले पाणी काढायचे ठरते, रक्ताचा अहवाल हाती येतो, त्यात आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचे मापन) २.१ आणि प्लेटलेट्स ४२,००० दिसतात आणि सुई हातात घेण्याआधीच रक्तपेढीकडे चार पिशव्या प्लाझ्माची मागणी जाते. हा क्रम इतका अंगवळणी पडला आहे की त्यामागच्या गृहीतकाकडे, म्हणजे ‘आयएनआर वाढला आहे, तेव्हा रक्तस्राव होणार’ या समजुतीकडे, फारसे कोणी थांबून पाहत नाही. यकृताच्या आजारात ही समजूत टिकत नाही, आणि तिच्या आधाराने दिलेला उपचार रुग्णाला अनेकदा अपायच करतो. धोका जोखायचा असेल तर रुग्णाची एकूण स्थिती, रक्त कुठून येते आहे किंवा येऊ शकते ती जागा, आणि करायची प्रक्रिया या तिन्हींचा विचार आधी व्हायला हवा आणि प्रयोगशाळेतील आकडे त्यांच्या संदर्भात वाचायला हवेत.

हा लेख प्रामुख्याने वॉर्डात आणि अतिदक्षता विभागात अशा रुग्णांची जबाबदारी सांभाळणाऱ्या तरुण डॉक्टरांसाठी आणि परिचारिकांसाठी आहे. रुग्णाची काळजी घेणाऱ्या नातेवाइकांनाही डॉक्टरांशी बोलताना त्याचा उपयोग होईल, मात्र यातील कोणतेही औषध स्वतःच्या मनाने सुरू किंवा बंद करू नये.

शरीरात नेमके काय बदलते

रक्त गोठवणारे बहुतेक घटक यकृतात तयार होतात. फायब्रिनोजेन, प्रोथ्रॉम्बिन, तसेच पाचवा, सातवा, नववा, दहावा आणि अकरावा घटक यकृतातूनच येतात, आणि यकृत थकले की ते कमी होतात. एवढेच लक्षात ठेवले तर चित्र अर्धे राहते, कारण गोठण्याला आवर घालणारी प्रोटीन सी, प्रोटीन एस आणि अँटीथ्रॉम्बिन ही प्रथिनेही यकृतातच तयार होतात आणि तीही त्याच वेळी कमी होतात. तराजूच्या दोन्ही पारड्यांतले वजन काढून घेतले तर काटा मध्यावरच राहतो, पण थोडा धक्का लागला तरी तो कोणत्याही बाजूला झुकू शकतो. सिरोसिसच्या रुग्णाची स्थिती अशीच असते, म्हणूनच एकाच रुग्णाला एका आठवड्यात रक्ताची उलटी आणि पुढच्या महिन्यात पोर्टल शिरेत (आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेत) गुठळी असे दोन्ही होऊ शकते.

काही बदल तर थेट गोठण्याच्या बाजूचे असतात. आठवा घटक मुख्यतः रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींत तयार होतो आणि सिरोसिसमध्ये तो वाढलेला असतो. व्हॉन विलेब्रँड घटकही वाढतो, आणि त्याचे मोठे रेणू तोडणारे एडीएएमटीएस-१३ हे विकर कमी होते, त्यामुळे संख्येने कमी झालेल्या प्लेटलेट्सना रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटण्यास जादा मदत मिळते. प्लेटलेट्स कमी होण्यामागे वाढलेली प्लीहा हे ठळक कारण आहे, पण यकृतात तयार होणारे थ्रॉम्बोपोएटिन (प्लेटलेट्स बनवायला चालना देणारे संप्रेरक) घटणे हेही दुसरे कारण आहे, आणि मद्यामुळे किंवा विषाणूंमुळे मंदावणारे अस्थिमज्जेचे काम त्यात भर घालते.

आता आयएनआरकडे पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ मध्ये ही पद्धत स्वीकारली ती वॉरफरिनसारखी औषधे घेणाऱ्या रुग्णांचे अहवाल वेगवेगळ्या प्रयोगशाळांत एकसारखे वाचता यावेत यासाठी. तिचे प्रमाणीकरण वॉरफरिन घेणाऱ्यांच्या रक्तावर झाले आहे, त्यामुळे यकृताच्या एकाच रुग्णाचा नमुना दोन प्रयोगशाळांत पाठवला तर आयएनआर लक्षणीय वेगळा येऊ शकतो. याहून महत्त्वाचे असे की, प्रोथ्रॉम्बिन टाइम या मूळ चाचणीत केवळ गोठवणारे घटक मोजले जातात. प्रोटीन सी सक्रिय होण्यासाठी रक्तवाहिनीच्या अस्तरावरील थ्रॉम्बोमोड्युलिन लागते, आणि ते परीक्षानळीत नसते. मिलानमधील संशोधकांनी २००५ मध्ये सिरोसिसच्या रुग्णांच्या प्लाझ्मात थ्रॉम्बोमोड्युलिन घालून थ्रॉम्बिनची, म्हणजे गुठळी घडवणाऱ्या विकराची, निर्मिती मोजली, तेव्हा ती निरोगी व्यक्तींइतकीच निघाली. तात्पर्य, आयएनआर यकृताची कार्यक्षमता चांगली सांगतो, म्हणूनच तो यकृताच्या आजाराची तीव्रता मोजणाऱ्या मेल्ड आणि चाइल्ड-प्यू या दोन्ही गुणांकनांत आहे. रक्तस्रावाचे भाकीत करणे हे त्याचे काम कधीच नव्हते.

पहिली पायरी: अहवालाआधी रुग्ण

आधी विचारायचा प्रश्न साधा आहे: या रुग्णाला आत्ता रक्तस्राव होतो आहे का, आणि यापूर्वी झाला होता का? दात काढल्यानंतर, सुई टोचल्यानंतर, शस्त्रक्रियेनंतर किंवा बाळंतपणात किती रक्त गेले होते हे सविस्तर विचारावे. पूर्वी एखादी प्रक्रिया अशाच आकड्यांवर निर्धोक पार पडली असेल तर ती माहिती कोणत्याही चाचणीइतकीच मोलाची असते. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वेदनाशामक गोळ्या, रक्त पातळ करणारी औषधे आणि घरगुती किंवा वनौषधींची पूड यांची वेगवेगळी चौकशी करावी, कारण ‘कोणती औषधे घेता?’ या एकाच प्रश्नाला उत्तर देताना गुडघेदुखीसाठी अधूनमधून घेतलेली गोळी बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

तपासताना नुसते जखमांचे डाग मोजू नयेत. रक्त कोणत्या प्रकारे येते आहे ते पाहावे, कारण त्यातच अर्धे निदान असते. रक्ताची मोठी उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच ही पोर्टल शिरेतील दाबाची बाब आहे. अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा, म्हणजे व्हेरिसेस, फुटतात त्या दाबामुळे, आणि यकृताच्या शिरांतून मोजलेला दाबफरक १२ मिलिमीटर पाऱ्याहून अधिक झाला की हा धोका प्रत्यक्षात उतरतो. गोठण्यातला दोष हे तिथले मूळ कारण नसते. याउलट सलाइनची सुई टोचलेल्या जागेवरची पट्टी बदलावी आणि तासाभरात ती पुन्हा भिजावी, हिरड्यांतून सतत झिरपावे, आधी थांबलेली जखम सहा-आठ तासांनी पुन्हा वाहू लागावी, असे दिसले तर गुठळी तयार होऊनही विरघळते आहे असा संशय घ्यावा. तिसरा प्रकार म्हणजे सुई किंवा चाकूने थेट रक्तवाहिनीला झालेली इजा. या तिन्ही प्रकारांचे उपचार वेगळे आहेत, त्यामुळे त्यांची गल्लत होऊ देऊ नये.

दुसरी पायरी: नमुना नीट घ्यावा

ही पायरी छोटी असली तरी इथल्या चुकीमुळे पुढचे सगळे निर्णय फसतात. गोठण्याच्या चाचण्यांसाठीच्या फिकट निळ्या टोपणाच्या नळीत सायट्रेटचा एक भाग आणि रक्ताचे नऊ भाग असे प्रमाण लागते. नळी अर्धवट भरली तर सायट्रेट जास्त पडते आणि प्रोथ्रॉम्बिन टाइम तसेच एपीटीटी (गोठण्याचा वेळ मोजणारी दुसरी चाचणी) खोटेच वाढलेले दिसतात. हेपारिनने धुतलेल्या सेंट्रल लाइनमधून नमुना घेतला तरी एपीटीटी बिघडतो. प्लेटलेट्सची संख्या अनपेक्षितपणे फार कमी आली तर काचपट्टीवर रक्ताचा थर पाहण्यास सांगावे, कारण ईडीटीएच्या नळीत प्लेटलेट्सचे गुच्छ झाले की यंत्र त्यांना मोजत नाही.

सुरुवातीला हिमोग्लोबिन, प्लेटलेट्स, आयएनआर, फायब्रिनोजेन, क्रिएटिनिन आणि बिलिरुबिन एवढ्या चाचण्या पुरतात. त्यांतील फायब्रिनोजेन बहुतेक ठिकाणी मागवायचे राहून जाते, आणि माझ्या मते संपूर्ण यादीत सर्वांत उपयोगी पडणारा आकडा तोच आहे.

तिसरी पायरी: आकडे वाचणे

आयएनआर वाढलेला दिसला की पहिला प्रश्न विचारावा तो व्हिटॅमिन केचा. कावीळ होऊन पित्त आतड्यात उतरत नसेल, रुग्ण कित्येक दिवस नीट जेवलेला नसेल किंवा प्रतिजैविकांचा दीर्घ कोर्स चालू असेल, तर आयएनआरमधील वाढीचा काही भाग या जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा असू शकतो. अशा वेळी १० मिलिग्रॅम व्हिटॅमिन के शिरेतून सावकाश द्यावे आणि गरज वाटल्यास सलग तीन दिवस द्यावे. पित्त अडलेले असताना ते तोंडाने देण्यात अर्थ नाही, कारण त्याच्या शोषणालाच पित्त लागते. पाचव्या घटकाची पातळी मोजता आली तर उलगडा होतो: हा घटक यकृतात तयार होतो, पण त्याला व्हिटॅमिन के लागत नाही. सातवा घटक खूप कमी आणि पाचवा बरा असेल तर दोष व्हिटॅमिन केचा, दोन्ही कमी असतील तर दोष यकृताचा. इंजेक्शननंतर आयएनआर हलला नाही तर तेही एक उत्तरच आहे, आणि ते मिळाल्यावर रोज नव्याने इंजेक्शन लिहीत राहू नये.

प्लेटलेट्सच्या बाबतीत दर मायक्रोलिटरला ५०,००० ही मर्यादा सर्वत्र रूढ आहे. प्रयोगशाळेत साधारण एवढ्या प्लेटलेट्सवर थ्रॉम्बिनची निर्मिती समाधानकारक होते, इतकाच तिचा आधार आहे. ही रेषा ओलांडली की रुग्ण सुरक्षित आणि तिच्या खाली असला की धोक्यात, असे प्रत्यक्षात घडत नाही. यकृतविकारांच्या युरोपीय संघटनेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत ५०,००० च्या वर प्रतिबंधक उपचार नको, २०,००० ते ५०,००० दरम्यान सरसकट नको, आणि २०,००० च्या खाली उच्च धोक्याची प्रक्रिया असेल तर रुग्णागणिक विचार करावा अशी भूमिका घेतली आहे.

फायब्रिनोजेन हा गुठळीचा कच्चा माल आहे. निरोगी व्यक्तीत ते दर डेसिलिटरला साधारण २०० ते ४०० मिलिग्रॅम असते. यकृत बऱ्याच उशिरापर्यंत त्याची निर्मिती टिकवून धरते, म्हणून ते १०० च्या आसपास किंवा खाली आले तर तीन शक्यता पडताळाव्यात: यकृत अगदी शेवटच्या टप्प्यात आहे, गुठळ्या अति प्रमाणात विरघळत आहेत, किंवा शरीरभर रक्त गोठून घटक खर्ची पडत आहेत. मात्र हा आकडा सुधारला की रक्तस्राव टळतो असे सिद्ध झालेले नाही. कमी फायब्रिनोजेन हे बऱ्याचदा आजाराच्या गांभीर्याचे चिन्ह असते. सिरोसिसमध्ये या प्रथिनाच्या रेणूंवर सियालिक आम्लाचे प्रमाण वाढते आणि त्यांची गुंफण नीट होत नाही, त्यामुळे आकडा बरा असूनही गुठळी कच्ची राहू शकते.

डी-डायमर, म्हणजे गुठळी विरघळताना रक्तात येणारा तुकडा, या रुग्णांत जवळपास नेहमीच वाढलेला असतो. त्याच्या एकट्याच्या बळावर गुठळीचे किंवा शरीरभर रक्त गोठण्याचे निदान करू नये. आयएनआर वाढलेला, प्लेटलेट्स कमी, फायब्रिनोजेन कमी आणि डी-डायमर जास्त हे चित्र सिरोसिसमध्ये एरवीही दिसते, म्हणून या शंकेत एका दिवसाच्या आकड्यांपेक्षा दोन-तीन दिवसांतला कल पाहावा. त्यातूनही उलगडा झाला नाही तर आठवा घटक मोजावा. सिरोसिसमध्ये तो वाढलेला असतो आणि घटक खर्ची पडत असतील तर तो घसरतो.

चौथी पायरी: तोल ढळवणाऱ्या गोष्टी शोधाव्यात

सावरलेला तोल कशामुळे ढळतो, हे शोधण्यात घालवलेला वेळ आयएनआर पुन्हा पुन्हा मागवण्यापेक्षा कितीतरी अधिक उपयोगी ठरतो. जंतुसंसर्ग हे त्यांतील सर्वांत महत्त्वाचे कारण आहे. संसर्ग झाला की रक्तात हेपारिनसारखी द्रव्ये वाढतात, प्लेटलेट्सचे काम बिघडते आणि पोर्टल शिरेतील दाबही वाढतो. म्हणून पोटात पाणी असलेल्या आणि अचानक खालावलेल्या रुग्णाच्या त्या पाण्यातील पेशी मोजणे हा रक्तस्रावाच्या मूल्यमापनाचाच भाग समजावा. त्या पाण्यात दर घनमिलिमीटरला २५० किंवा त्याहून अधिक न्यूट्रोफिल पेशी आढळल्या तर जंतूंच्या कल्चर अहवालाची वाट न पाहता प्रतिजैविक सुरू करावे.

मूत्रपिंड बिघडलेले असेल तर प्लेटलेट्स संख्येने पुरेशा असूनही काम नीट करत नाहीत, आणि पोटातले पाणी काढल्यानंतर झालेल्या रक्तस्रावाच्या अभ्यासांत मूत्रपिंडाचा बिघाड हा धोक्याचा घटक म्हणून पुढे आला आहे. रक्तक्षय फार असेल तर प्लेटलेट्स रक्तवाहिनीच्या भिंतीकडे ढकलल्या जाण्याऐवजी प्रवाहाच्या मध्यात राहतात, म्हणून लोह, फोलेट किंवा बी-१२ ची कमतरता नियोजित प्रक्रियेपूर्वी भरून काढणे हा स्वस्त आणि बिनधोक उपाय आहे. अतिरक्तस्राव झालेल्या रुग्णाचे शरीर थंड पडणे, रक्तातील आम्लता वाढणे आणि कॅल्शियम घटणे या तीनही गोष्टी गोठणे मंदावतात, आणि तिन्ही दुरुस्त करता येतात.

पाचवी पायरी: संपूर्ण रक्ताची चाचणी, उपलब्ध असेल तर

थ्रॉम्बोइलॅस्टोग्राफी, म्हणजे टीईजी, आणि रोटेम या चाचण्यांत संपूर्ण रक्ताची गुठळी तयार होताना, घट्ट होताना आणि विरघळताना पाहता येते. टीईजीच्या आलेखात गोठण्याची सुरुवात किती उशिरा झाली ते आर टाइम सांगतो, गुठळीचा जास्तीत जास्त घट्टपणा एमए सांगतो, आणि त्यानंतर ३० मिनिटांत ती किती विरघळली ते एलवाय-३० सांगतो. रोटेममध्ये फिबटेम ही स्वतंत्र तपासणी फायब्रिनोजेनचा वाटा वेगळा करून दाखवते. गोठण्यातली कमतरता नेमकी कुठे आहे हे त्यातून कळते आणि सगळेच एकदम चढवण्याची गरज उरत नाही.

इटलीतील एका चाचणीत, २०१६ मध्ये, आयएनआर वाढलेल्या आणि प्लेटलेट्स कमी असलेल्या सिरोसिसच्या ६० रुग्णांना प्रक्रियेपूर्वी दोन गटांत विभागले होते. नेहमीच्या निकषांनी चाललेल्या गटात तीसच्या तीस जणांना रक्तघटक दिले गेले, टीईजीनुसार चाललेल्या गटात ते ३० पैकी केवळ ५ जणांना लागले, आणि त्यामुळे रक्तस्राव वाढला नाही. तरीही या यंत्राकडून अवाजवी अपेक्षा ठेवू नयेत. थ्रॉम्बोमोड्युलिन त्यातही नसते आणि व्हॉन विलेब्रँड घटकाचे काम त्यात उमटत नाही. ते अनावश्यक प्लाझ्मा टाळायला मदत करते. अमुक रुग्णाला रक्तस्राव होणारच, असे भाकीत त्यालाही करता येत नाही. यंत्र नसेल तर हिमोग्लोबिन, प्लेटलेट्स आणि फायब्रिनोजेन यांवर चांगला निर्णय घेता येतो.

सहावी पायरी: प्रक्रियेचा धोका ठरवणे

पोटातले पाणी काढणे, फुफ्फुसाभोवतीचे पाणी काढणे, सोनोग्राफीच्या मदतीने सेंट्रल लाइन घालणे आणि निदानापुरती एंडोस्कोपी या कमी धोक्याच्या प्रक्रिया आहेत. यकृताची त्वचेतून घेतलेली बायोप्सी, टिप्स (पोर्टल शिरेतील दाब उतरवण्यासाठी यकृतातून वाट तयार करणे), यकृतातील गाठ जाळण्याची प्रक्रिया, मोठा पॉलिप काढणे, मेंदू किंवा मज्जारज्जूभोवतीची कोणतीही प्रक्रिया आणि पोटाची मोठी शस्त्रक्रिया या उच्च धोक्याच्या आहेत. वर्गवारी करताना दोन प्रश्न पुरतात: रक्त किती जाऊ शकते, आणि गेले तर ते दाबून थांबवता येण्याजोग्या जागी जाईल का? मेंदूत गेलेले काही थेंबही घातक ठरतात.

रुग्णालयात दाखल असलेल्या यकृतविकाराच्या रुग्णांवरील प्रोक-ब्लीड हा आंतरराष्ट्रीय अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १,१८७ रुग्णांवरील ३,००६ प्रक्रियांची नोंद होती आणि सुमारे ३ टक्के प्रक्रियांनंतर रक्तस्राव झाला. प्रक्रियेचा प्रकार, मेल्डचा गुणांक आणि शरीराचे अधिक वजन यांच्याशी रक्तस्रावाचा संबंध दिसला, तर प्रक्रियेपूर्वीचा आयएनआर आणि प्लेटलेट्स यांच्याशी दिसला नाही.

सुरुवातीला उल्लेखलेल्या रुग्णाकडे आता वळू. आयएनआर २.१, प्लेटलेट्स ४२,०००, आणि समजा फायब्रिनोजेन १४०, क्रिएटिनिन सामान्य, ताप नाही, पूर्वी दोनदा पाणी काढले तेव्हा काही त्रास झाला नाही. या रुग्णाला प्लाझ्मा नको, प्लेटलेट्सही नकोत. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,१०० प्रक्रियांच्या मालिकेत आयएनआर ८.७ पर्यंत आणि प्लेटलेट्स १९,००० पर्यंत असलेले रुग्ण होते, आधी रक्तघटक दिले गेले नव्हते आणि लक्षणीय रक्तस्राव कोणालाही झाला नाही. इथे खरी सुरक्षितता सुई कुठे घातली यात असते. पोटाच्या डाव्या बाजूला खाली, कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून दोन बोटे वर आणि आत, पोटाच्या मधल्या सरळ स्नायूच्या बाहेर जागा निवडावी, कारण त्या स्नायूच्या मागून इन्फिरिअर एपिगॅस्ट्रिक धमनी जाते. सोनोग्राफीने आधी पाण्याचा साठा पाहावा, मग उथळ भागासाठीचा लिनियर प्रोब लावून कलर डॉप्लर सुरू करावा आणि सुईच्या वाटेवर एखादी फुगलेली शीर आडवी येते का ते पाहावे. नाभीभोवती आणि जुन्या व्रणांजवळ अशा शिरा हमखास असतात. एवढ्या एका मिनिटाच्या तपासणीतून जे संरक्षण मिळते ते प्लाझ्माच्या चार पिशव्यांतून मिळत नाही. पुढील दोन दिवस हिमोग्लोबिनवर लक्ष ठेवावे, कारण पोटाच्या भिंतीतील किंवा पोकळीतील रक्तस्राव उशिरा उघडकीस येऊ शकतो.

त्याच रुग्णाची त्वचेतून यकृताची बायोप्सी ठरली तर विचार बदलतो. आधी ती गळ्यातील शिरेतून घेता येईल का हे विचारावे, म्हणजे यकृताचे आवरण छेदले जात नाही. उच्च धोक्याच्या प्रक्रियांसाठी इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीच्या अमेरिकन संघटनेने २०१९ मध्ये यकृताच्या रुग्णांकरिता आयएनआर २.५ पेक्षा कमी, प्लेटलेट्स ३०,००० पेक्षा जास्त आणि फायब्रिनोजेन १०० पेक्षा जास्त असे निकष सुचवले होते. ते एखाद्या कायद्याप्रमाणे वापरायचे नाहीत, पण रेडिओलॉजी विभागाशी बोलताना त्यांचा आधार घेता येतो.

सातवी पायरी: आधी काही चढवायचे का

प्लाझ्मा देऊन आयएनआर दुरुस्त करणे हा उपाय सिरोसिसमध्ये जवळपास नेहमीच टाळावा. वजनाच्या प्रत्येक किलोला १० ते १५ मिलिलिटर या नेहमीच्या प्रमाणात तो दिला तरी आयएनआर फारसा खाली येत नाही, आलाच तर काही तासांत पुन्हा वर जातो. दरम्यान एक लिटरच्या आसपास द्रव रक्तात जाते, पोर्टल शिरेतील दाब वाढतो, आणि ज्या शिरा फुटू नयेत म्हणून हा खटाटोप केला त्याच शिरांवर ताण येतो. फुफ्फुसात पाणी भरणे आणि रक्तघटकांमुळे फुफ्फुसाला होणारी तीव्र इजा हे धोके वेगळेच.

प्लेटलेट्सची एक पूर्ण मात्रा दिली तरी सिरोसिसमध्ये संख्या थोडीच वाढते, कारण त्यांतील बराच वाटा प्लीहेत अडकतो. नियोजित प्रक्रियेपूर्वी वेळ हाताशी असेल आणि संख्या ५०,००० च्या खाली असेल तर थ्रॉम्बोपोएटिनसारखे काम करणाऱ्या गोळ्यांचा विचार करता येतो. अव्हाट्रॉम्बोपॅग पाच दिवस द्यावे, प्लेटलेट्स ४०,००० च्या खाली असतील तर रोज ६० मिलिग्रॅम आणि ४०,००० ते ५०,००० दरम्यान असतील तर ४० मिलिग्रॅम, आणि शेवटच्या गोळीनंतर पाच ते आठ दिवसांत प्रक्रिया करावी. लुसुट्रॉम्बोपॅग रोज ३ मिलिग्रॅम सात दिवस देतात. पोर्टल शिरेत आधीच गुठळी असेल तर या औषधांपासून दूर राहावे. याच गटातील एल्ट्रॉम्बोपॅगची सिरोसिसमधील चाचणी पोर्टल शिरेतील गुठळ्या वाढल्यामुळे थांबवावी लागली होती.

फायब्रिनोजेन १०० च्या खाली असेल आणि प्रक्रिया उच्च धोक्याची असेल तर क्रायोप्रेसिपिटेट (प्लाझ्मापासून मिळणारा, फायब्रिनोजेन भरपूर असलेला घटक) किंवा फायब्रिनोजेनचे संहत द्रावण वापरता येते. त्याचे आकारमान कमी असल्यामुळे दाब फारसा वाढत नाही. प्रोथ्रॉम्बिन कॉम्प्लेक्स आणि सक्रिय सातवा घटक ही औषधे गुठळीचा धोका पाहता नियमित वापरू नयेत.

रक्तस्राव सुरू झाल्यावर

फुगलेल्या शिरांतून रक्त येत असेल तर सगळा भर दाब कमी करण्यावर असावा: टर्लिप्रेसिन किंवा ऑक्ट्रिओटाइड लगेच, सेफ्ट्रिॲक्सोनसारखे प्रतिजैविक सुरुवातीलाच, आणि रुग्णाला स्थिर करून १२ तासांच्या आत एंडोस्कोपी व बँडिंग (फुगलेल्या शिरांना रबरी वेढे घालणे). हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्यावर रक्त द्यावे आणि ७ ते ८ दरम्यान ठेवावे. पचनमार्गाच्या वरच्या भागातील रक्तस्रावावरील बार्सिलोनातील चाचणीत, २०१३ मध्ये, असा हात राखून रक्त दिलेल्या रुग्णांचे जगण्याचे प्रमाण अधिक होते. सढळ रक्त दिल्याने दाब पुन्हा चढतो, हे त्यामागचे एक कारण. पोर्टल शिरेतील दाबाबाबतच्या बावेनो-७ या तज्ज्ञांच्या सहमतीत तर अशा रक्तस्रावात प्लाझ्मा देऊ नये असे स्पष्ट म्हटले आहे. ट्रॅनेक्सॅमिक आम्लही इथे देऊ नये. पचनमार्गातील रक्तस्रावाच्या १२,००९ रुग्णांवरील हॉल्ट-आयटी चाचणीत, २०२० मध्ये, त्याने मृत्यू कमी केले नाहीत, उलट शिरांतील गुठळ्या वाढल्या.

दाबाशी संबंध नसलेला, हिरड्यांतून, नाकातून किंवा सुईच्या जागांतून सतत झिरपणारा रक्तस्राव वेगळ्या रीतीने हाताळावा. आधी स्थानिक उपाय करावेत: दाब देणे, टाका घालणे, गॉझ भरणे, ट्रॅनेक्सॅमिक आम्लात भिजवलेला बोळा धरणे. ते पुरले नाही तर फायब्रिनोजेन १०० ते १२० च्या वर आणि प्लेटलेट्स ५०,००० च्या वर नेण्याचा प्रयत्न करावा. गुठळ्या अति विरघळत असल्याची खात्रीलायक चिन्हे असतील तर शिरेतून ट्रॅनेक्सॅमिक आम्ल देण्याचा निर्णय ज्येष्ठ डॉक्टरांनी घ्यावा. बँडिंगनंतर साधारण दहा ते चौदा दिवसांत त्या जागी झालेल्या व्रणातून रक्त येऊ शकते. त्याचा संबंध यकृताच्या एकूण स्थितीशी अधिक असतो, म्हणून त्या भीतीपोटी बँडिंगच्या आधी आयएनआर उतरवत बसू नये.

दुसरी बाजू: गुठळीचा धोका

आयएनआर २ आहे, म्हणजे रुग्णाचे रक्त आपोआप पातळ आहे आणि पायात गुठळी होणार नाही, हा समज अजूनही वॉर्डात ऐकू येतो. तो चुकीचा आहे आणि त्यापायी रुग्ण दगावू शकतो. अंथरुणाला खिळलेल्या, संसर्ग झालेल्या किंवा कर्करोग असलेल्या सिरोसिसच्या रुग्णात गुठळी टाळण्याचे उपचार इतर रुग्णांप्रमाणेच विचारात घ्यावेत. चालू रक्तस्राव असेल तरच हेपारिन रोखावे आणि तोवर पायांना दाब देणारी साधने वापरावीत. एका पायाची सूज दुसऱ्यापेक्षा जास्त दिसली तर तिचे खापर जलोदरावर फोडून मोकळे होऊ नये. डॉप्लर करून घ्यावा.

जलोदर अचानक वाढला, पोटात नव्याने दुखू लागले किंवा व्हेरिसेसमधून अनपेक्षित रक्तस्राव झाला तर पोर्टल शिरेचा डॉप्लर झालाच पाहिजे. गुठळी नवी असेल, शिरेच्या मुख्य खोडाचा निम्म्याहून अधिक भाग अडला असेल, आतड्याच्या शिरेपर्यंत पोहोचली असेल किंवा रुग्ण यकृत प्रत्यारोपणाच्या यादीत असेल, तर रक्त पातळ करणारे औषध सुरू करण्याकडे कल ठेवावा. व्हेरिसेस फुटू नयेत म्हणून बीटा ब्लॉकर किंवा बँडिंगची व्यवस्था सोबतच करावी, पण त्यात गुंतून औषधाला विनाकारण उशीर होऊ देऊ नये.

औषध निवडताना चाइल्ड-प्यू वर्ग (ए सर्वांत सौम्य, सी सर्वांत गंभीर) पाहावा. ए वर्गात तोंडाने घेण्याची नवी औषधे वापरता येतात. बी वर्गात ती जपून वापरावीत, आणि त्यांतील रिव्हॅरॉक्सबॅन तिथे टाळावे. सी वर्गात ही औषधे न देता कमी रेणुभाराच्या हेपारिनचा विचार तज्ज्ञांच्या सल्ल्याने करावा. वॉरफरिनची अडचण वेगळी आहे: उपचाराआधीच आयएनआर १.८ असेल तर २ ते ३ हे लक्ष्य एका गोळीत गाठले गेल्यासारखे दिसते, पण त्याने रुग्णाला संरक्षण मिळाले की नाही हे कळत नाही. हेपारिनवर देखरेख ठेवण्यासाठी अँटी-एक्सए पातळी मोजली तर ती सिरोसिसमध्ये प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते, कारण चाचणीला लागणारे अँटीथ्रॉम्बिनच रुग्णाच्या रक्तात कमी असते. तो आकडा कमी आला म्हणून मात्रा वाढवू नये. मात्रा वजनावर आणि मूत्रपिंडाच्या कार्यावर ठरवावी आणि क्रिएटिनिन बदलले की तिचा पुन्हा हिशोब करावा.